सहा महिन्यांचा गाल

‘चूक कुणाची होती, सर?’

‘माझी.’

म्हाताऱ्यानं इतकं सरळ उत्तर दिलं की विश्वजितचीच पंचाईत झाली.

कोल्हापुरातून तासभर मोटारसायकल हाणत तो आला होता तो भांडायच्या तयारीनं. म्हातारा आधी विषय टाळणार, मग त्या काळच्या साधनांवर ढकलणार, मग नशिबाला बोल लावणार, असा त्याचा अंदाज होता. तिन्हींची उत्तरं त्यानं वाटेत घोटून ठेवली होती. मोठी माणसं असंच करतात, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं.

आता ती तिन्ही उत्तरं वाया गेली.

म्हातारा खाली मान घालून गॉजच्या घड्या घालत होता. चार बोटं रुंद, आठ पदरी. एक झाली की दुसरी.

हे डॉक्टर रामकृष्ण अष्टेकर. एके काळी भाजलेले चेहरे, दुभंगलेले ओठ, तुटलेली नाकं घेऊन चार जिल्ह्यांतून माणसं यांच्याकडे यायची. मग एक दिवस त्यांनी सुरी खाली ठेवली आणि भोगावतीकाठच्या या गावात येऊन बसले. कुणी विचारलं तर म्हणायचे, वय झालं. तेव्हा वय होतं अठ्ठावन्न. आता सकाळी ओसरीत सतरंजी टाकायची आणि गावच्या सरकारी दवाखान्यासाठी गॉज दुमडायचं, एवढाच उद्योग.

विश्वजित पाटोळे सरांच्याच जुन्या खात्यातला, प्लास्टिक सर्जरीच्या. एकतीस वर्षांचा, सुवर्णपदकवाला. हात चांगला आणि जीभ हातापेक्षा तेज. परवा गुरुवारी त्याची पहिली स्वतंत्र केस होती.

खात्यात एक रिवाज होता. पहिली स्वतःची केस करण्याआधी फाईल आणि नारळ घेऊन अष्टेकर सरांकडे जायचं. सर रुग्णाचं चित्र काढायला लावतात. बघतात. नारळ ठेवून घेतात. ‘ये’ म्हणतात. झालं.

विश्वजितला हा सगळा प्रकार देवळात गाडीची पूजा करण्यासारखा वाटे. तसं त्यानं विभागप्रमुखांना तोंडावर सांगितलंही.

‘नारळ नाही तर टेबल नाही,’ प्रमुख म्हणाले.

म्हणून तो आला होता. पण नुसता नारळ ठेवून जाणाऱ्यातला तो नव्हता.

‘म्हणजे खात्याच्या जिन्याजवळ लावलेल्या तुमच्या केसच्या फोटोतला तो गाल खरंच बिघडला?’

‘खरंच.’

‘लोक कुजबुजतात. नीट कुणी सांगत नाही.’

‘त्यांना नीट माहीत नाही.’

‘तुम्ही सांगितलं नाही म्हणून.’

म्हाताऱ्यानं मान वर केली. नवीन आलेल्या पेशंटकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

‘काढ,’ म्हातारा म्हणाला.

‘काय काढू?’

‘चित्र. तुझ्या मुलीचं.’

औषध कंपनीचं एक जुनं पॅड आणि टोक केलेली पेन्सिल त्यानं पुढे सरकवली.

ती मुलगी म्हणजे परवाची केस, श्रावणी खोत. वय सोळा. नऊ वर्षांची असताना तिचा डावा गाल आत बसायला लागला. मार नाही, जखम नाही. कातडीखालची चरबी आपोआप विरघळत गेली. तीन वर्षांपूर्वी आजार थांबला. खड्डा राहिला. एका बाजूनं बघितलं तर सोळा वर्षांची पोर, दुसऱ्या बाजूनं म्हातारी. कॉलेजात ती भिंतीकडच्या बाकावर बसते, डावी बाजू भिंतीला. स्कार्फ वर्गातही सोडत नाही. बाप दुधाचा टेम्पो चालवतो. तीन वर्षं तो एकच प्रश्न विचारत आला होता. डॉक्टर, पोरीचं तोंड सरळ होईल ना?

होईल, असं विश्वजितनं त्याला सांगितलं होतं. छातीवर हात ठेवून.

त्यानं दोन चेहरे काढले. आजचा आणि शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांचा. रेघ देखणी होती. पहिल्या चेहऱ्यात खड्ड्याची सावली त्यानं बोटानं पुसून इतकी अचूक उतरवली की म्हातारा क्षणभर घडी घालायचं विसरला.

‘हात आहे तुला.’

‘माहीत आहे.’

‘चरबी कुठली घेणार?’

‘पोटाची. बेंबीखालची. बारीक नळीनं ओढायची, धुवायची, गालात थेंब थेंब भरायची.’

‘पोटाचीच का?’

‘भरपूर असते. शिवाय पेशंट उताणा असतो. मधेच वळवावा लागत नाही.’

‘म्हणजे तुझी सोय.’

विश्वजितनं ओठ दाबले.

‘आता तिसरं काढ,’ म्हातारा म्हणाला.

‘तिसरं कशाचं?’

‘चाळीस वर्षांची श्रावणी. अठरा किलो वाढलेली.’

‘कशाला?’

‘काढ तर.’

विश्वजितनं पेन्सिल उचलली. हनुवटीखाली एक वळी आली. मान जाड झाली. उजवा गाल थोडा भरला, जसा चाळिशीत कुणाचाही भरतो. मग पेन्सिल डाव्या गालाशी आली आणि…

थांबली.

‘काय झालं?’

‘हा किती भरू?’

‘मला काय विचारतोस? गाल तू भरलायस.’

ओसरीसमोरच्या पेरूवर एक पोपट अर्धा पेरू खाऊन उरलेला खाली टाकत होता. विश्वजितनं तिकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे.

‘तुम्हाला काय म्हणायचंय ते कळलं मला,’ तो म्हणाला. ‘पोटाची चरबी गालात गेली तरी पोटासारखी वाढेल. वाचल्यात मी असल्या केसेस. हात भाजला, पोटावरची कातडी खालच्या चरबीसकट हातावर लावली. पुढे बाई जाड झाली, हाताचा पंजा फुगला. पण त्या दोन-चार केसेस, सर. अपवाद. आणि आता कृपा करून आंब्याच्या कलमाचं उदाहरण देऊ नका.’

‘नाही देत. झाडांना पोट सुटत नाही.’

विश्वजितला हसू आलं. त्यानं ते गिळलं.

‘पेशी काही धोंडा नव्हे, सर. तिला शेजार कळतो. गालातल्या पेशी सतत निरोप सोडत असतात. ते या नवीन पेशींना मिळणार. शिवाय मी श्रावणीच्याच रक्तातून काढलेला अर्क चरबीत मिसळणार. ग्रोथ फॅक्टरांनी भरलेला. ते काय असतं? वाढीचे निरोपच. पेशी टिकतील, रुजतील. आणि शिकतील.’

‘काय काय निरोप असतात रे?’

म्हाताऱ्यानं हे अगदी मनापासून विचारलं. परीक्षा घेतल्यासारखं नाही. विश्वजित थोडा सैल झाला.

‘वाढ. थांब. दोनाचे चार हो. चरबी साठव. आता पुरे. रक्तवाहिनी इकडे ओढून घे. असे.’

‘पोटाच्या पेशीला येतात हे?’

‘येतात.’

‘मांडीच्या?’

‘तिलाही.’

‘रक्तातूनच?’

‘काही रक्तातून. काही शेजारून.’

‘रक्त तर एकच.’

‘एकच.’

‘मग पोरगी वयात आली की मांडी भरते. मनगट का भरत नाही?’

‘संप्रेरकांमुळे…’

‘मनगटाला रक्त जात नाही?’

उत्तर त्याला येत होतं. परदेशातल्या परिषदेत याच विषयावर त्यानं वीस मिनिटं भाषण ठोकलं होतं. त्यानं ते सांगायला सुरुवात केली.

‘निरोप तोच असतो, पण प्रत्येक जागेची पेशी तो वेगळा ऐकते. कोण पोटाची, कोण मांडीची, हे बाळ पोटात असतानाच ठरायला लागतं. काही जनुकं उघडी राहतात, काही मिटून जातात. तो शिक्का पुसत नाही. चरबीच्या कोवळ्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या, बशी तीच, खाणं तेच, तरी पोटाच्या पेशी पोटाच्याच वागतात आणि मांडीच्या… मांडीच्या…’

तो बोलता बोलता मंदावला. स्वतःचंच बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

‘म्हणजे निरोप एक. कान वेगळे,’ म्हातारा म्हणाला.

‘…हो.’

‘आणि तू अर्क कसला मिसळणार म्हणालास?’

‘निरोपांचा.’

‘कान कुठले नेणार?’

…

पोपट उडाला. पेरूची फांदी हलत राहिली.

दुसरा एखादा असता तर त्याचा चेहरा पडला असता. विश्वजितचं उलट झालं. तो सतरंजीवर पुढे सरकला, मांडी घातली, पॅडचा नवीन कागद काढला. भांडायला आलो होतो हे तो साफ विसरला.

‘मग पोट नकोच. मांडीची घेऊ. मांडीची चरबी हट्टी असते. सहज वाढत नाही, सहज उतरत नाही.’

‘बरं. मग काढ पासष्टीची श्रावणी. आजारातून उठलेली. सगळी वाळलीय.’

विश्वजितनं काढली. सुरकुतलेला उजवा गाल, वर आलेली हाडं. आणि डाव्या बाजूला एक तुकतुकीत गुबगुबीत गाल, लहान मुलाचा असतो तसा.

दोघांनी तो चेहरा बघितला. आणि दोघेही खो खो हसले.

‘पाठीची?’

‘पाठ काय जन्मभर तेवढीच राहते? तिचीही आपली चाल असणारच.’

‘हनुवटीखालची? ती चेहऱ्याजवळची आहे.’

‘किती निघेल?’

‘चमचाभर.’

‘खड्डा केवढा?’

‘तीन चमचे.’

म्हाताऱ्याचं गॉज बाजूला पडलं होतं. दोघांची डोकी एका कागदावर. विश्वजित बाण काढत होता, खोडत होता.

‘आणि कानच बदलले तर? म्हणजे मिटलेली जनुकं उघडायची, उघडी मिटायची. पेशीला आपण पोटाची आहोत हेच विसरायला लावायचं. कुणी केलंय?’

‘मला माहीत नाही.’

‘जमेल?’

‘मला माहीत नाही.’

‘तुम्हाला काय वाटतं?’

‘मला फार बघावंसं वाटतं.’

नातवाच्या हातातला भोवरा बघताना आजोबाचे डोळे होतात, तसे म्हाताऱ्याचे झाले होते. विश्वजितला तो पहिल्यांदाच थोडासा आवडला. आणि आवडला म्हणून त्याला आपण काय विचारायला आलो होतो ते आठवलं.

‘सर, जिन्याजवळच्या फोटोखाली काय लिहिलंय ते आठवतं?’

‘आठवतं. मीच लिहिलं.’

‘“सहा महिने.”’

‘हो.’

‘मी पहिल्या वर्षाला असताना रोज जाता-येता तो गाल बघायचो. डोळ्यांवर काळी पट्टी आणि खाली तो गाल. वाटायचं, असं काहीतरी हातून व्हावं. त्याच्या पुढचा फोटो कुठाय?’

‘काढला नाही.’

‘का?’

‘सहा महिन्यांनी परिषद असते. परिषदेत फोटो दाखवतात. टाळ्या वाजतात. मग फाईल बंद करतात.’

‘आणि पेशंट?’

‘पेशंट घरी जातो.’

‘ती कुठं गेली? फोटोतली?’

‘इथंच असते. माझी मुलगी आहे ती. शर्वरी.’

…

विश्वजितच्या हातातली पेन्सिल कागदावर आडवी झाली.

‘स्वतःच्या मुलीला तुम्ही टेबलावर घेतलं?’

‘हो.’

‘घ्यायचं नसतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं.’

‘मला वाटलं, माझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.’

‘म्हणजे चूक दुप्पट.’

‘दुप्पट.’

चुका कबूल करायला म्हाताऱ्या माणसांना आवडतं. कबूल केलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. विश्वजितला हे ठाऊक होतं, म्हणून तो हलला नाही.

‘पुढं सांगा.’

‘हाच आजार. हेच वय, सोळा. बेंबीखालची चरबी. गाल असा झाला, की लोक विचारायचे, कुठला गाल भरला? अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत सगळं छान. मग पुण्यात नोकरी. दिवसभर बसून काम. थायरॉईडनं गाठलं. दीड वर्षात चौदा किलो वाढली.’

‘आणि गाल?’

‘पोट सुटलं. त्याच्याबरोबर गालही सुटला.’

‘नळीनं काढायची होती.’

‘काढली. तीनदा. दुसऱ्या वेळी ओठ हलवणारी नस दुखावली, चार महिने तिला नीट हसता येत नव्हतं. वजन वाढलं की गाल परत. चौथ्यांदा ती नको म्हणाली. तेव्हाच मी सुरी ठेवली.’

‘आणि फोटो तसाच ठेवला.’

म्हाताऱ्यानं आडवी पडलेली पेन्सिल उचलून पॅडच्या कडेला लावली.

‘त्यानंतर किती जण आले तुमच्याकडे नारळ घेऊन?’

‘चौदा.’

‘सगळ्यांना तिसरं चित्र काढायला लावलं?’

‘सगळ्यांना.’

‘त्यांनी काय काढलं?’

‘सुंदर चेहरे. दोन्ही गाल सारखे.’

‘आणि तुम्ही काय केलं?’

‘नारळ ठेवून घेतला.’

विश्वजित उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला.

‘एक वाक्य, सर! एक वाक्य सांगायचं होतं! चित्रं काय काढायला लावता? तुमच्या खेळात ज्याची पेन्सिल थांबली तो पास, नाही थांबली त्याचा पेशंट गेला खड्ड्यात? ती माणसं आहेत. कुणाच्या तरी पोरी आहेत. त्यांच्या गालात पोट भरलंय आणि ते कधी सुटेल याची त्यांना कल्पनासुद्धा नाही. का नाही सांगितलं?’

‘कुणी विचारलं नाही.’

‘हे उत्तर झालं?’

‘नाही.’

…

‘नाही,’ म्हातारा पुन्हा म्हणाला. ‘हे उत्तर नव्हे.’

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली.

‘अण्णा, ही कुणाची मोटारसायकल? माझ्या जागेत लावलीय!’

आवाज खणखणीत होता. पाठोपाठ वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून एक बाई आत आली. चाळिशीची. गावच्या हायस्कूलात ती गणित शिकवायची. ओसरीत उभा असलेला तांबडालाल विश्वजित, खाली पसरलेले कागद, बाजूला पडलेलं गॉज, असं सगळं तिनं एका नजरेत टिपलं.

‘नवीन बकरा वाटतं. चित्र काढलं का तुम्ही? उभे का? बसा. हे असंच करतात, डोकं फिरवतात माणसाचं. नारळ कुठाय? उद्या सोलकढी करते.’

‘शर्वरी, हे डॉक्टर पाटोळे,’ म्हातारा म्हणाला.

‘पाटोळे, पोहे खाता ना? का डाएट-बिएट?’

उत्तराची वाट न बघता ती आत गेली. फोडणीचा वास आला. दहा मिनिटांत ती दोन बशा घेऊन बाहेर आली. एक बापापुढे ठेवली, एक विश्वजितपुढे. मग कपाळावरचे केस सारायला हात वर केला तेव्हा तिच्या हातातलं घड्याळ मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेलं. तिनं ते सवयीनं मागं ओढलं.

ऊन तिच्या चेहऱ्यावर बाजूनं पडलं होतं. पट्टी काढून टाके बघावेत तशा नजरेनं विश्वजित बघत होता. हे बरं नाही, हे त्याला कळत होतं. तरी बघत होता.

‘बघा, बघा. सगळे बघतात,’ ती म्हणाली. ‘डावा. यांची कलाकुसर.’

‘तुम्ही नाही घेत पोहे?’

‘माझं शाळेत झालं.’

वह्या उचलून ती आत गेली. आतून पंख्याचा आवाज आला आणि लाल पेनची टिकटिक.

ती गेली त्या दाराकडे विश्वजित बघत राहिला. मग धपकन खाली बसला.

‘सर!’ तो कुजबुजला, पण आवाजात आनंद मावत नव्हता. ‘सारखे आहेत! दोन्ही गाल सारखे आहेत!’

‘हो.’

‘ओळखू येत नाही! मी एवढा निरखून बघितला, मला कळलं नसतं! अहो, म्हणजे शिकली की पेशी! उशिरा का होईना. शेजाऱ्यांनी शिकवलं तिला. शिक्का पुसला गेला! सर, हे छापायला पाहिजे. चौथ्यांदा कुणी केलं?’

‘कुणी नाही.’

‘औषध दिलं?’

‘थायरॉईडची गोळी. ती तर आधीपासून.’

‘मग उतरला कशानं?’

म्हातारा पोह्यांकडे बघत होता. खात नव्हता.

‘कशानं उतरला, सर? आपोआप?’

‘काही आपोआप होत नाही.’

विश्वजितनं चमचा उचलला. घास तोंडाशी नेला. त्याची नजर समोरच्या बशीवर गेली, मग आपल्या बशीवर. दोन. मग आतल्या दारावर. शाळा साडेअकराला सुटली होती. सकाळची शाळा. इतक्या सकाळी तिथं कोण जेवतं? आणि ते मनगट. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, तरी कोपरापर्यंत गेला. दंडाचं हाड कुठं संपतं आणि खांद्याचं कुठं सुरू होतं, तेही तिच्या ब्लाउजच्या बाहीखालून दिसलं होतं. त्याला दिसलं होतं. पण तो गाल बघत होता.

आख्खी बाई समोर उभी होती आणि तो गाल बघत होता.

त्यानं घास परत बशीत ठेवला.

आत पान उलटल्याचा आवाज आला. ‘शून्याला शून्यानं भागलंय गाढवानं,’ शर्वरी स्वतःशीच म्हणाली.

‘किती किलो?’ विश्वजितनं विचारलं.

‘एकोणचाळीस.’

‘तुम्ही तिला काही…’

‘बोललो. ओरडलो. रडलोही.’

‘मग?’

‘ती म्हणते, अण्णा, बाकीच्या पोटाला उपाशी ठेवल्याशिवाय हे पोट ऐकत नाही.’

विश्वजितनं समोरचे कागद गोळा केले. पहिला चेहरा, दुसरा चेहरा, तिसरा. तिसऱ्यात डावा गाल अजून कोराच होता. त्याला तो आता काढता आला असता. मोठाही काढता आला असता. आणि सारखाही. सारखा काढणं जास्त भयंकर होतं.

‘परवा केस आहे,’ तो म्हणाला. ‘श्रावणी टेबलावर येणार. स्कार्फ सोडून. गेले सहा महिने ती त्या दिवसाची वाट बघतेय. नाही म्हणू?’

‘मी म्हटलं का, नाही म्हण?’

‘मग करू?’

‘मी म्हटलं का, कर?’

‘मग काय करू, सर? तुम्ही आयुष्यभर असं अर्धवटच बोलणार का? तिला आज खड्डा आहे. आज! सोळा वर्षांची पोर भिंतीला गाल लावून बसते. तिला मी चाळिशीच्या गोष्टी सांगू?’

‘तिचीच चाळिशी आहे ती. तुझी नव्हे.’

…

विश्वजितचा राग ओसरत नव्हता, पण तो आता नक्की कुणावर आहे ते त्याला कळेना. मग त्यानं विचारलं. या वेळी भांडायला नाही. खरंच माहीत नसलेला माणूस विचारतो तसं.

‘ती विचारेल, गाल नीट होईल ना? काय सांगू?’

‘होईल म्हण. खरं आहे ते.’

‘आणि नंतरचं?’

‘तेही सांग. पोट, मांडी, हनुवटी, सगळं समोर मांड. कान आणि निरोप समजावून सांग. तिला कळेल. मग ठरवू दे तिला.’

‘तिला नाही कळलं तर? सोळा वर्षांची आहे. ती म्हणेल, वाढू दे गाल चाळिशीत, मला आत्ता पाहिजे. त्याची किंमत काय, हे तिला कसं कळणार? मलाच दहा मिनिटांपूर्वी कळत नव्हतं.’

म्हाताऱ्यानं स्वतःच्या बशीतले थंड झालेले पोहे सतरंजीच्या कडेला सरकवले. आतल्या दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला नाही. आत ऐकू गेलं असणार, कारण लाल पेन थांबलं.

‘तिला सांग,’ म्हातारा म्हणाला, ‘अष्टेकरांची मुलगी बारा वर्षं बापासमोर जेवलेली नाही.’